वणवा, चक्रीवादळ आणि कोकणातली बाग: सरकारी मदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंबा, काजू, नारळ, सुपारी लावून बसलेल्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या बागायतदारांसाठी हे पान आहे. फयान (नोव्हेंबर २००९), निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) ही वादळं सगळ्यांच्या लक्षात आहेत. वणव्याला मात्र नाव नसतं, तारीखही कोणी ठेवत नाही. तो दरवर्षी येतो आणि कुणाची ना कुणाची काजूबाग घेऊन जातो. दोन्हींत सरकारकडून काय मिळतं, काय मिळत नाही आणि कागद कुठे अडतो, ते प्रश्न येतात त्याच भाषेत इथे दिलं आहे.

वादळात बाग आडवी झाली. सरकार पूर्ण नुकसान भरून देतं का?

नाही. हे आधीच मनाशी पक्कं केलेलं बरं, म्हणजे पुढची निम्मी चिडचिड वाचते. सरकार देतं ते शासनाच्या भाषेत ‘निविष्ठा अनुदान’. पुढच्या हंगामाला उभं राहण्यासाठी खत, रोपं, मजुरी यांना हातभार, एवढाच त्याचा हेतू. तुमच्या बागेतून वर्षाला किती पेट्या निघत होत्या, झाड किती वर्षांचं होतं, या कशाचाही हिशेब त्यात नाही. हिशेब फक्त क्षेत्राचा. चाळीस वर्षांच्या हापूसला आणि पाच वर्षांच्या कलमाला हेक्टरी दर एकच.

पैसा येतो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली हा निधी आहे आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५ टक्के. दर केंद्र ठरवतं. त्याहून जास्त द्यायचं तर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचं.

मग हेक्टरी किती? गावात प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

गंमत अशी, की बहुतेक सगळे खरंच सांगत असतात, फक्त वेगवेगळ्या वर्षांचे आकडे सांगतात.

केंद्राच्या २०१५ च्या निकषांत बहुवार्षिक पिकांना, म्हणजे आपल्या फळबागांना, हेक्टरी १८,००० रुपये होते. निसर्गनंतर राज्याने ते ५०,००० केले, मर्यादा २ हेक्टर. तौक्तेलाही ५०,००० होतेच, शिवाय नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला झाडामागे ५० रुपये धरले. ऑक्टोबर २०२१ च्या अतिवृष्टी पॅकेजमध्ये बहुवार्षिक पिकांना २५,००० होते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने ३६,००० केले आणि मर्यादा ३ हेक्टरवर नेली. मे २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा केंद्राच्या दरावर आणलं: कोरडवाहू ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५००, मर्यादा २ हेक्टर. लगेच त्याच वर्षी मराठवाड्यात पुराने हाहाकार केला, तेव्हा ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये मर्यादा ३ हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जादा दिले.

एकूण काय, तर दर आपत्तीगणिक बदलतो. वर्तमानपत्रातल्या घोषणेवर किंवा व्हॉट्सॲपवरच्या पोस्टवर जाऊ नका. त्या आपत्तीसाठी महसूल व वन विभागाने काढलेला शासन निर्णय शोधा आणि त्यात ‘कोणत्या कालावधीतील नुकसान’ असं लिहिलं आहे ते आधी वाचा. आठ दिवस मागेपुढे झालेलं नुकसान वेगळ्या निर्णयात, वेगळ्या दराने बसू शकतं.

माझी वाडी वीस गुंठ्यांची. हातात काय पडेल, सरळ हिशेब सांगा.

वीस गुंठे म्हणजे सुमारे २० आर, ०.२० हेक्टर. २२,५०० च्या दराने ४,५०० रुपये. ५०,००० च्या दराने १०,०००. तेही पूर्ण वीस गुंठे बाधित धरले तर. वाडीतला आठ गुंठ्यांचाच तुकडा भुईसपाट झाला असेल तर २२,५०० च्या दराने १,८०० होतात. पण केंद्राच्या निकषात बहुवार्षिक पिकासाठी किमान २,५०० रुपयांची अट आहे, म्हणून २,५०० मिळायला हवेत. ही किमान रक्कम विसरू नका, लहान वाडीवाल्यांना तिचाच आधार आहे.

आता झाडाच्या बाजूने बघा. हापूस दहा बाय दहा मीटरवर लावला तर हेक्टरी शंभर झाडं. २२,५०० भागिले १०० म्हणजे झाडामागे २२५ रुपये. ५०,००० चा दर असतानाही ५०० च. उलट सुपारी पावणेतीन मीटरवर लावतात. वीस गुंठ्यांत २७० च्या आसपास पोफळी बसतात. तौक्तेच्या ५० रुपये झाड या दराने सगळ्या पडल्या तर १३,५००, म्हणजे हेक्टरी ५०,००० ने येणाऱ्या १०,००० पेक्षा जास्त. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगरच्या दाट वाड्यांना झाडमोजणी का हवीहवीशी वाटते ते यातून कळेल. तिथे एकाच जमिनीत वर नारळ, मध्ये सुपारी, खाली जायफळ नि मिरी असते. त्या तीन मजल्यांचं क्षेत्र सातबारावर एकच.

पोफळ मोडली की नव्या रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. त्या वर्षांचं मोल कुठल्याच शासन निर्णयात नाही.

३३ टक्के नुकसान म्हणजे नक्की काय? कोण ठरवतं?

२०१५ पर्यंत निम्मं पीक गेल्याशिवाय मदत नव्हती. त्यानंतर अट ३३ टक्क्यांवर आली. भातात हे ठरवणं सोपं. बागेत मात्र वाद होतात, कारण झाड उभं असलं म्हणजे ते वाचलं असं नव्हे.

पंचनाम्याच्या तक्त्यात साधारण एवढेच रकाने असतात: खातेदार, गट नंबर, पीक, एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. शेवटच्या दोन रकान्यांत सगळा खेळ आहे. तुम्ही बांधावर उभे राहून ‘सगळंच गेलं’ म्हणालात तर समोरचा माणूस अंदाजाने काहीतरी लिहिणार. त्यापेक्षा झाडं मोजून ठेवा: मुळासकट उपटलेली किती, बुंध्यात मोडलेली किती, शेंडा किंवा मुख्य फांदी गेलेली किती, नुसती कललेली किती. शंभरात चाळीस पडल्याची यादी हातात असली की टक्केवारीवर घासाघीस होत नाही.

पंचनाम्याला कोण येतं?

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असा संयुक्त पंचनामा असतो. कागदावर आता त्यांची नावं बदलली आहेत: ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी. पण गावात तलाठी भाऊसाहेब अजून तलाठीच आहेत, आणि शोधताना तेच विचारा. तिथून यादी तहसीलदार, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त अशी वर जाते, मंत्रालयात शासन निर्णय निघतो, आणि मग पैसा उलटा खाली येतो.

चक्रीवादळानंतर तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात, रस्त्यावर झाडं पडलेली असतात, वीज नसते, मोबाईलला रेंज नसते. निसर्गनंतर मंडणगड-दापोलीच्या काही भागांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. तेव्हा ‘ते येतील’ म्हणून बसू नका. लेखी अर्ज करा: नाव, गट नंबर, पीक, पडलेली झाडं, तारीख. एक प्रत स्वतःकडे, त्यावर पोच. ही पोच नंतर सोन्याची ठरते.

पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडं तशीच ठेवायची का? पाऊस तोंडावर आहे.

सगळी तशी ठेवण्यात शहाणपण नाही. घरावर, वाटेवर, विजेच्या तारेवर पडलेलं आधी हलवा. अर्धवट कललेलं तरुण कलम पहिल्या आठवड्यातच सरळ करून टेकू दिला, मुळांवर माती चढवली आणि मोडलेल्या फांद्या साफ कापून बोर्डो पेस्ट लावली तर पुष्कळदा जगतं. सरकारी माणसाची वाट बघत असं झाड मारण्यात काहीच अर्थ नाही.

त्याआधी फोटो मात्र काढा. मोबाईलमध्ये लोकेशन चालू ठेवून, एक दुरून सगळ्या बागेचा, एक जवळून प्रत्येक झाडाचा. खडूने किंवा चुन्याने बुंध्यावर नंबर टाकून फोटो काढले तर मोजणीही आपोआप होते. बुंधे जागेवर राहू द्या, वरचं काढा. शेजारच्या दोघांची सही घेतलेली साधी यादी करून ठेवा.

आणि लाकूड विकायचं असेल तर जरा दमाने. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडं राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. वाऱ्याने पडलेल्या झाडाचं लाकूडही गाडीत घालण्याआधी वनपालाला विचारा, नाहीतर आंबा गेला तो गेलाच, वर गाडी अडकायची.

७२ तासांत कळवलं नाही म्हणून माझा हक्क गेला, असं एक जण म्हणाला.

७२ तासांची अट पीक विम्यातली आहे, तीही काही ठराविक नुकसानींसाठी. सरकारी मदतीचा पंचनामा वेगळा आणि विमा वेगळा. या दोन गोष्टींची गावोगाव सरमिसळ होते. मदतीसाठी लवकर कळवणं फायद्याचं आहेच, पण चौथ्या दिवशी अर्ज दिला म्हणून तो फेटाळायला हे कारण चालत नाही.

सातबारावर काजूची नोंदच नाही. उलट ‘पोटखराब’ (म्हणजे लागवडीला अयोग्य) लिहिलंय.

कोकणातलं हे जुनंच दुखणं. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली आणि वरकस, डोंगरउतार, कातळ फोडून लोकांनी आंबा-काजू लावला. झाडं वाढली, सातबारा तिथेच राहिला. आजही कित्येक उताऱ्यांवर उभ्या बागेच्या जागी गवत किंवा पोटखराबा दिसतो.

यावर दोन कामं करावी लागतात आणि दोन्ही आपत्तीच्या आधी. पहिलं, ई-पीक पाहणी. फळबाग आहे म्हणून सोडू नका. झाडांची संख्या नि क्षेत्र घालून दरवर्षी नोंदवा. वणव्याचा हंगाम जानेवारीपासून सुरू होतो आणि वादळं मे-जूनला नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात, त्यामुळे नोंद वेळेवर हवी. दुसरं, पोटखराब ‘अ’ वर्गातली जमीन प्रत्यक्षात लागवडीखाली आणली असेल तर ती लागवडयोग्य क्षेत्रात घेण्यासाठी तलाठ्यामार्फत अर्ज. २०१८ च्या नियमबदलापासून हे करता येतं. ‘ब’ वर्गात (रस्ते, ओढे, स्मशान वगैरे) ते होत नाही.

आपत्ती होऊन गेल्यावर नोंद नाही असं कळलं, तर पंचनाम्यात ‘प्रत्यक्ष पाहणीत काजूची अमुक झाडे आढळली’ हे वाक्य लिहून घ्यायचा आग्रह धरा. स्थळपाहणीला वजन असतं.

सातबारावर सतरा नावं आहेत. आजोबा तर केव्हाच वारले. निम्मे मुंबईत, एक दुबईत. पैसे कुणाच्या खात्यात?

कोकणातल्या मदतीच्या निम्म्या अडचणी या एका प्रश्नात आहेत.

सामायिक खात्यात रक्कम एकाच्या नावावर घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. चाकरमानी मंडळी गणपतीला येतात तेव्हा घरात आरती झाल्यावर हा कागद पुढे केला, तर कुणी नाही म्हणत नाही. वादळानंतर फोनवर सांगून कुरिअरने सह्या मागवण्यात दोन महिने जातात आणि तोवर यादी बंद होते. (होळीलाही मंडळी येतात, पण तेव्हा कुणी कागदाला हात लावत नाही.) मयताच्या नावावर रक्कम येऊच शकत नाही, वारस नोंद आधी करा. तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज होतो.

भावकीत वाद असेल, एखादा सही देतच नसेल, तर निदान तुमच्या वहिवाटीतला भाग पंचनाम्यात वेगळा दाखवायला सांगा. आणेवारी लागलेली असेल, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा उताऱ्यावर असेल, तर तेवढ्या हिश्श्याची रक्कम मागता येते.

कूळ म्हणून नाव ‘इतर हक्कात’ असेल तर तहसीलदारांकडे लेखी म्हणणं द्या. नाहीतर झाडं तुमची नि पैसे जमीनमालकाच्या खात्यात, असं होऊ शकतं.

मी बाग करारानं घेतो. मोहोर राखला, फवारण्या मी केल्या. मला मदत मिळेल?

साधारणपणे नाही. मदत सातबारावरच्या खातेदाराला जाते. म्हणून करार लिहितानाच एक ओळ घाला: नैसर्गिक आपत्ती आली तर कराराची रक्कम किती कमी व्हायची आणि सरकारी मदत आली तर ती कुणाची. तोंडी करारावर पुढे भांडणं होतात.

वणव्यात काजूची बाग जळली. वादळासारखीच मदत मिळते ना?

इथे थोडं थांबून सांगावं लागेल.

कागदावर आग ही आपत्ती आहे. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट यांच्याबरोबर आग आहे, आणि राज्यानेही अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचं उधाण यांच्या जोडीला ‘आकस्मिक आग’ धरली आहे. म्हणजे ‘आग यादीतच नाही’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

प्रत्यक्षात मात्र वणव्याचा पंचनामा होतो आणि फाईल ‘मानवनिर्मित’ या शेऱ्यावर अडते. वादळ कुणी लावत नाही. वणवा बहुतेक वेळा कुणीतरी लावलेला असतो. भाजावळीचा राब (भाताच्या रोपांची जमीन भाजायला पसरलेला पालापाचोळा) पेटवला आणि वारा फिरला, कुणी सड्यावर विडी टाकली, शिकाऱ्याने रान पेटवलं, चांगलं गवत येतं म्हणून कुणी मुद्दाम काडी लावली. शिवाय वादळात एका वेळी हजारो बागा जातात, बातमी होते, मंत्री येतात. वणव्यात एका वाडीतल्या चार जणांचं जातं. चार जणांसाठी शासन निर्णय निघत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

म्हणून वणव्यात कागद वादळापेक्षा चोख हवेत. पोलीसपाटलाला त्याच दिवशी बोलवा. तलाठी-कृषीचा संयुक्त पंचनामा लेखी मागा आणि आगीचं कारण ‘अज्ञात’ असेल तर तसंच लिहून घ्या. सांगोवांगी कुणाचं नाव घालू नका. नगरपरिषदेचा बंब आला असेल तर त्यांचा दाखला घ्या. आग वनखात्याच्या हद्दीतून आली असेल तर वनरक्षकाचा जबाब पंचनाम्याला जोडा. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, त्यांनाही नोंद करावीच लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पंचनामा एकदाच करून थांबू नका. वणव्यानंतर दुसऱ्या दिवशी काजू पुष्कळदा हिरवा दिसतो. पानं आठवड्याभराने तपकिरी होतात, आणि आंब्याचं तर महिना-दोन महिन्यांनी कळतं. बुंध्याची साल जमिनीलगत चारी बाजूंनी भाजली असेल तर झाड वरून उभं राहून आतून मरत असतं. कोयत्याच्या टोकाने साल थोडी खरवडून बघा: आत ओलसर, हिरवट पांढरं असेल तर आशा आहे, कोरडं तपकिरी असेल तर त्या बाजूचा रस बंद झाला. चार बाजूंना चार ठिकाणी बघा. मग तीन आठवड्यांनी फेरपाहणीचा अर्ज द्या. पहिल्या पंचनाम्यात वीस टक्के लिहिलेली बाग फेरपाहणीत ३३ च्या पुढे जाऊ शकते.

ठिबकच्या नळ्या वितळल्या, कुंपण जळलं, गवताची गंजी गेली, ते हेक्टरी दरात येत नाही. तरीही पंचनाम्यात लिहून घ्या. पुढे दावा करायचा झाला तर लागेल.

कुणी लावला ते माहीत नाही, मग पोलिसांत कशाला जायचं?

तक्रारीशिवाय पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. आग लावून शेतमालाचं नुकसान करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली गुन्हा आहे. अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार देता येते. गावात वाईटपणा येतो म्हणून बरेच जण टाळतात; मग वर्षभराने आरोपी सापडला तरी नुकसान मागायला हातात काही नसतं.

महावितरणच्या तारा घासून ठिणग्या पडल्या आणि आग लागली.

हा पूर्ण वेगळा रस्ता आहे, आणि तुलनेने बरा. इथे तुम्ही मदत मागत नाही, दुसऱ्याच्या चुकीने झालेलं नुकसान मागता. त्यामुळे रक्कम झाडांच्या मूल्यांकनावर ठरते, हेक्टरी दरावर नाही. महावितरणच्या उपविभागाला आणि विद्युत निरीक्षकाला त्याच दिवशी लेखी कळवा. निर्णायक असतो तो विद्युत निरीक्षकाचा अहवाल. सैल झालेल्या तारा, वाकलेला खांब, तारेखालचं जळलेलं गवत यांचे फोटो दुरुस्ती व्हायच्या आत काढा, कारण वायरमन येऊन ताण देऊन गेला की पुरावाही ताठ होऊन जातो. कृषी अधिकाऱ्याकडून झाडांचं वय आणि मूल्यांकन घ्या. तार लोंबते आहे असा आधी कधी अर्ज दिला असेल तर तो शोधून काढा.

फळपीक विमा काढलाय. मग सरकारी मदत बंद?

बंद नाही, दोन्ही मिळू शकतात. पण विम्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते समजून घ्या. आंबा-काजूचा विमा हवामानावर चालतो. तुमच्या बागेत कुणी बघायला येत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर अवेळी पाऊस, तापमान, वाऱ्याचा वेग यांची ठरलेली पातळी ओलांडली की मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे. तुमच्या खाडीकाठच्या बागेत वारा घोंघावला आणि दहा किलोमीटरवरचं केंद्र डोंगराआड असलं तर नशीब.

शिवाय कोकणातल्या आंब्याचं संरक्षण मेच्या मध्याला संपतं. तौक्ते नेमकं त्याच सुमाराला किनाऱ्यावरून गेलं आणि निसर्ग तर जूनमध्ये आलं. आणि विमा फळाचा असतो. झाड मेलं तर त्याचे पैसे त्यात नाहीत. वणव्याचा तर त्यात विषयच येत नाही.

यादीत नाव आहे, शेजाऱ्याला पैसे आले, मला नाहीत.

पहिल्यांदा तुमचा विशिष्ट क्रमांक (गावात व्हीके नंबर म्हणतात) तलाठ्याकडून घ्या आणि आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी झालं का बघा. पैसा आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातो. तुम्ही पंचनाम्यात दिलेल्या पासबुकाच्या खात्यात जाईलच असं नाही. पुष्कळांची रक्कम विसरलेल्या जुन्या खात्यात पडून असते. जुलै २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. तो नसेल तर तेवढ्यासाठी आपत्तीची वाट बघू नका.

आधारवरचं नाव ‘दत्ताराम’ आणि सातबारावर ‘दत्तू’ असेल तर तेही आधीच दुरुस्त करा.

बँकेने मदतीची रक्कम थकीत कर्जात वळती केली.

तसं करता येत नाही. मदतीच्या शासन निर्णयांत बँकांनी ही रक्कम कर्जखात्यात किंवा अन्य वसुलीत वळती करू नये, असं कलम असतं. त्या पानाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी द्या, एक प्रत तहसीलदारांना. कर्जाचं पुनर्गठन हा वेगळा विषय आहे. आपत्तीग्रस्त भागासाठी तशी तरतूद असते, पण ती मागावी लागते.

पुन्हा लागवड करायला वेगळे पैसे?

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी मर्यादा १० हेक्टरपर्यंत आहे (इतरत्र ६). अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं, झाडं जगली तर. निसर्गनंतर पडलेल्या बागांच्या पुनर्लागवडीसाठी रोजगार हमीतूनही काम निघालं होतं. अडचण रोपांची असते: वादळानंतर सगळ्यांना एकाच वेळी नारळ-सुपारीची रोपं हवी असतात. भाट्ये, श्रीवर्धन, वेंगुर्ले इथल्या कृषी विद्यापीठाच्या केंद्रांवर आधी नाव नोंदवा. रस्त्यावर टेम्पोतून विकायला येणाऱ्या स्वस्त रोपांच्या नादी लागलात तर जात कुठली ते सात वर्षांनी कळेल.

गोठा पडला, गाय दगावली.

वेगळे निकष आहेत: गोठ्याला ३,०००, दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० रुपये. जनावराचं शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून झालंच पाहिजे. पुरून टाकल्यावर काही होत नाही.

अमेरिकेत म्हणे शेतकऱ्याला खरं नुकसान भरून देतात?

२०१७ ची हार्वे, इर्मा, मारिया ही वादळं आणि कॅलिफोर्नियातले वणवे यांनंतर तिथल्या संसदेने २०१८ मध्ये २.३६ अब्ज डॉलर वेगळे काढले. पद्धत बघण्यासारखी आहे. पिकाची अपेक्षित किंमत घ्यायची, तिला एका टक्केवारीने गुणायचं, हाती आलेल्या पिकाची किंमत वजा करायची. विमा न काढलेल्याला ही टक्केवारी ६५, पुरेसा विमा असलेल्याला ९५ पर्यंत. झाडं आणि वेलींचं नुकसानही धरलं. पैसे घेतले की पुढची दोन वर्षं विमा काढायचाच, ही अट. म्हणजे पूर्ण तिथेही नाही, पण हिशेब पिकाच्या किमतीचा होता, जमिनीच्या मापाचा नव्हता. अर्थात शेतकऱ्याची पाच-सहा वर्षांची उत्पादनाची नोंद असेल तरच असा हिशेब जमतो. आपल्याकडे पेट्यांची वही ठेवणारे बागायतदार किती, हा प्रश्न उरतोच.

माझी काजूबाग बांद्यापलीकडे, गोव्यात आहे.

मग महाराष्ट्राचे हे दर लागू नाहीत. गोव्यात शेतकरी आधार निधी ही स्वतंत्र योजना आहे. विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करायचा. मार्च २०२३ मध्ये म्हादई परिसरासह गोव्यात जागोजागी आगी लागल्या, तेव्हा काजू बागायतदारांना तिथेच धाव घ्यावी लागली होती.

पंचनाम्याची प्रत मागितली तर ‘ऑफिसात आहे’ म्हणतात.

यादी ग्रामपंचायतीत लावायची असते, आधी ती बघा. प्रत हवी तर तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ‘अमुक गावातील अमुक गटाच्या पंचनाम्याची व फेरपाहणीची साक्षांकित प्रत’ एवढीच मागणी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात तक्रार, इतिहास, भावकीचं भांडण काही लिहू नका.